हा खोका टाइमपास नाही

घरी आर्केड मशीन बनवणारा माणूस भूतकाळात रमलेला असतो, असा एक गोड गैरसमज आहे. नव्वदचं दशक, मुठीतली चिल्लर, व्हिडिओगेम पार्लरचा अंधार वगैरे. समुद्रपुरात, घराच्या मागच्या खोलीत, दहा वर्षांच्या खंडानंतर मी हे काम पुन्हा हाती घेतलंय. पण आठवणींसाठी नाही.

मित्र विचारतो, ‘कायले करून राहिला बे हे? मोबाइलमध्ये सारं फुकट भेटते ना.’ प्रश्न रास्त आहे. १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ किंवा १९८० चा ‘पॅक-मॅन’ चालवायला रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा बोर्ड पुरतो. मग प्लायवूड कापा, भोकं पाडा, प्रत्येक बटणाखालच्या मायक्रोस्विचला दोन तारा जोडा, हा खटाटोप कशाला?

कारण ‘फुकट’ हा शब्दच खोटा आहे. रोजचं बक्षीस, मध्येच येणारी जाहिरात, ‘परत ये’ म्हणणारं नोटिफिकेशन: यात किंमत तुमच्या वेळेची लावलेली असते. पैसे लावून खेळायच्या ॲप्सचं प्रकरण तर इतकं वाढलं की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्यांच्यावर बंदीचा कायदा करावा लागला. पण कधी संपूच नये अशा बेताने रचलेले बाकीचे गेम जिथल्या तिथे आहेत.

आर्केडवाले संत नव्हते. खेळ मुद्दाम अवघड ठेवायचे, म्हणजे तुम्ही लवकर मराल आणि दुसरं नाणं टाकाल. पण सौदा उघड होता. एक नाणं, तीन जीव, खेळ खल्लास, घरी जा. आणि हो, त्या पार्लरमध्ये मुली दिसायच्या नाहीत. तो काळ मला परत नकोच आहे. माझ्या मशीनवरचा सगळ्यात मोठा स्कोर सध्या माझ्या भाचीचा आहे, आणि डावीकडे ढकललेली जॉयस्टिक उजवीकडे का जाते, हे तारा तपासून तिनेच शोधलं.

माझा मुद्दा तिथेच आहे. फोन तुम्हाला खेळू देतो, पण आत डोकावू देत नाही. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी त्याचं हार्डवेअरही स्वतःच तयार केलं होतं. प्रोसेसर इतका हळू होता की पडद्यावरचे शत्रू कमी होत गेले की उरलेले जास्त वेगाने सरकायचे. त्यांनी ते तसंच ठेवलं, आणि यंत्राची मर्यादाच खेळाचा थरार झाली. ‘पॅक-मॅन’च्या २५६ व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग कचऱ्याने भरतो, कारण पातळी मोजणारा आकडा आठ बिटांचा आहे आणि २५५ च्या पुढे त्यात जागा नाही. हे पुस्तकातून पाठ होतं. मोडका पडदा बघितला की समजतं.

ऑक्टोबर १९३७ मध्ये आमच्याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवायचा विचार मांडला. त्यातून नई तालीम उभी राहिली. गांधीजींना व्हिडिओगेम आवडला असता, असा दावा मी करणार नाही. पण डोकं शिकतं ते हाताला कळतं का, हा त्यांचा प्रश्न शिळा झालेला नाही. याच जिल्ह्यात संगणकाची परीक्षा पास झालेली अशी मुलं मला भेटतात, ज्यांनी संगणकाचं झाकण एकदाही उघडलेलं नाही. दोष त्यांचा नाही. उघडायला त्यांच्या हातात कुणी काही दिलंच नाही.

‘इथे कापसाला भाव नाही अन् तू खेळणी बनवतोस?’ हा आक्षेप सगळ्यात जड आहे. पण शेतातल्या मोटारीचा स्टार्टर बंद पडला की काय होतं, बघा. ज्याला तो उघडता येतो त्याचं ओलित त्याच दिवशी सुरू होतं. बाकीचे मिस्त्रीची वाट बघतात. पुढची यंत्रं तर आणखी बंदिस्त येतील. ती न घाबरता उघडणारा हात कुठेतरी तयार व्हायला हवा, आणि खेळण्यावर तो सगळ्यात आनंदाने तयार होतो.

उघडायचं म्हणजे वाटेल ते नव्हे. जुन्या डब्बा टीव्हीच्या मागे हात घालू नका. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये जीवघेणा दाब साठलेला असतो. म्हणूनच मी भंगारातून आणलेला एलसीडी मॉनिटर वापरतो. सुरुवात घरातल्या बंद पडलेल्या रिमोटपासून करा. सेल काढा, स्क्रू सोडा, रबराखालच्या काळ्या टिकल्या बघा. बटण दाबलं की नेमकं काय होतं, ते कळेल. ज्या पिढीचा अर्धा दिवस बटण दाबण्यात जातो, तिने एवढं तरी आपल्या डोळ्यांनी बघायलाच हवं.