गाठीची कैफियत

शल्यशास्त्राच्या एम.एस. परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यापुढे थायरॉइडच्या गाठीचा रुग्ण कधी ना कधी येतोच, आणि म्हणून त्या गाठीची कैफियत कोणत्या क्रमाने मांडावी याचा एक शिरस्ता आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. रुग्णाच्या पाठीमागे उभे राहून ग्रंथी चाचपावी. पाण्याचा घोट गिळावयास लावून गाठ वर सरकते की नाही हे पाहावे. जीभ बाहेर काढावयास सांगावे. मानेतील लसीकाग्रंथी एकेक करून तपासाव्यात. मानेतील नाडी हाताला लागते की गाठीने गिळली आहे, हे नोंदवावे. हा शिरस्ता त्याज्य आहे असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या हातांनी हे शेकडो वेळा केलेले नाही, त्या हातांत कोणाचा गळा विश्वासाने सोपवता यावयाचा नाही. परंतु परीक्षकाला ऐकवण्यासाठी मुखोद्गत केलेला तपशील आणि रुग्णाच्या हिताचा फैसला करण्यासाठी केलेला विचार या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली शिकवली की दुसरी आपोआप येईल अशा भरवशावर आपण तरुणांना शस्त्रक्रियागृहात धाडतो, हे शिक्षक या नात्याने मला दीर्घकाळ सलत आले आहे.

काही वर्षांपूर्वी सकाळच्या राउंडला एका हुशार निवासी डॉक्टरने भाजी विकणाऱ्या एका पन्नाशीच्या बाईंची केस अस्खलित इंग्रजीत मांडली: गाठ डावीकडे, चार सेंटिमीटरची, टणक, आवाजात बदल नाही. त्याने ‘मावशी, आवाज घोगरा झालाय का?’ असे विचारले होते, आणि बाईंनी ‘नाही’ असे आपल्या समजुतीप्रमाणे खरेच उत्तर दिले होते. मी खाटेशेजारी बसून ‘बाई, बाजारात हाक मारता ना?’ एवढेच विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘संक्रांतीपासून हाक पोचतच नाही, डॉक्टरसाहेब. चार वेळा ओरडलं की दम लागतो. आता लेकच ओरडते.’ दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहिले, तो डावा स्वररज्जू निश्चल.

स्वररज्जूला हालवणारा मज्जातंतू श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून, थायरॉइडला अगदी बिलगून वर जातो. कर्करोगाने त्याला वेढले, तरी पलीकडचा रज्जू मध्यरेषा ओलांडून ती उणीव अंशतः भरून काढू शकतो, आणि मग खाटेवरच्या साध्या बोलण्यात आवाज जवळजवळ पूर्वीसारखाच भासतो. हे न ओळखता संपूर्ण ग्रंथी काढावयास घेतली आणि दुर्दैवाने उजव्या मज्जातंतूलाही इजा झाली, तर दोन्ही रज्जू मिटून रुग्णाचा श्वासच कोंडतो व घशाला छिद्र पाडून नळी बसवावी लागते. ‘आवाजात बदल नाही’ या तीन शब्दांच्या पोटात एवढा अनर्थ दडलेला होता.

म्हणून माझे विद्यार्थ्यांना सांगणे असे असते की कैफियतीच्या पहिल्याच वाक्यात तुम्हांला कशाचा संशय आहे, किती आहे आणि कशामुळे आहे, ते सांगा. गाठीची लांबीरुंदी मागाहून येऊ द्या. वय विशीच्या आतले आहे काय, लहानपणी मानेला किरणोत्सर्ग लागला होता काय, गाठ काही आठवड्यांतच वाढली काय, घरात आणखी कोणाला हा रोग झाला होता काय (मेड्युलरी जातीच्या कर्करोगात चारांपैकी सुमारे एक रुग्ण आनुवंशिक असतो), या प्रत्येक उत्तराने संशयाचे पारडे हलते. सुईने घेतलेल्या पेशींचा अहवाल बेथेस्डा पद्धतीने सहा वर्गांत दिला जातो. त्यातला दुसरा म्हणजे सौम्य आणि सहावा म्हणजे कर्करोग, हे पाठ करणे सोपे. खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्गात असते, कारण फॉलिक्युलर गाठ आपले वेष्टन भेदून बाहेर पडली आहे की नाही हे सुईला दिसतच नाही, ते गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून कळत नाही. अशा वेळी ‘निश्चित सांगता येत नाही’ असे निर्भयपणे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला आपण गुण कापून शिक्षा करतो, आणि मग पुढे तो रुग्णापुढेही नसलेली निश्चिती आणू लागतो.

शस्त्र न उचलण्याची कारणे मांडता येणे, हाही याच शिक्षणाचा भाग होय. दक्षिण कोरियात निरोगी माणसांच्या मानेची सरसकट सोनोग्राफी होऊ लागली, तेव्हा 2011 साली तिथे थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण 1993च्या पंधरापट झाले. मृत्यूचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. शस्त्रक्रिया झालेल्या पंधरा हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली, तर शंभरांतील अकरांच्या कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी दुबळ्या झाल्या होत्या आणि दोघांच्या स्वररज्जूंना पक्षाघात झाला होता. आपल्या शहरांतूनही ‘फुल बॉडी चेकअप’चे अहवाल हाती घेऊन, पाच मिलिमीटरच्या गाठीने झोप उडालेली माणसे बाह्यरुग्ण विभागात येऊ लागली आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांना धीर आणि ठरावीक काळाने पुनर्तपासणी, एवढेच पुरेसे आहे. पण हे सांगावयास लागणारा वेळ आणि भाषा आपण विद्यार्थ्याला दिलेली नाही.

विद्यापीठाने परीक्षेच्या नियमांत एक छोटी दुरुस्ती करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इंग्रजीत कैफियत मांडून झाली की उमेदवाराने परीक्षकासमक्ष तीच गोष्ट रुग्णाला मराठीत, किंवा जी त्याची भाषा असेल तिच्यात, समजावून सांगावी: संशय काय, पुढे काय करावयाचे, आवाजाला धोका किती. मग परीक्षकाने रुग्णाकडे वळून ‘तुम्हांला काय समजलं?’ असे विचारावे, आणि त्या उत्तरावर उमेदवाराला गुण द्यावेत.