दोष चालकाचा, भुर्दंड कोणाला?

मद्यपान करून वाहन हाकणाऱ्याने अधिक विमाहप्ता भरावा, या सूचनेला तत्त्वतः विरोध करणे कठीण आहे. जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाच्या कार्यगटाने तसा प्रस्ताव मांडला. मद्यधुंद चालकास १०० दोषांक, चुकीच्या जागी वाहन उभे करणाऱ्यास १०. हिशेब नीटनेटका दिसतो. परंतु जादा हप्ता चिकटणार तो वाहनाला, म्हणजे भरणार नोंदणीकृत मालक. टेम्पोचा मालक तो पगारी चालकाच्या मजुरीतून वळता करून घेईल. ज्याच्या दाराशी तीन मोटारी उभ्या आहेत त्याला तो जाणवणारही नाही. हप्त्याच्या धाकाने कोणता धनिक आजवर शुद्धीवर आला आहे?

याहून गंभीर बाब निराळीच आहे. तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला गेला तो मालकाच्या नव्हे, रस्त्यावरील माणसाच्या रक्षणासाठी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मात्र चालक मद्यधुंद असणे हा विमा कंपनीचा कायदेशीर बचाव ठरविला. १ एप्रिल २०२२ पासून तो अमलात आहे. पदपथावर झोपलेल्या मजुराने दारू घेतली नव्हती, विमापत्रावर सहीही केली नव्हती! कंपनीने आधी भरपाई द्यावी, मग मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग न्यायालये काढतात खरी. पण त्यासाठी मजुराच्या विधवेने वकील धरून तारखा का मोजाव्यात? कायद्यातील हा बचाव रद्द करावा. वसुलीसाठी कंपनीने खुशाल कोर्टात जावे. तिला वकिलांची वाण नाही.