अनुभवाची झेरॉक्स मिळत नाही!

कॅम्पसचा सीझन जवळ आला की हॉस्टेलवर एक गठ्ठा फिरायला लागतो. पूर्वी झेरॉक्सचा असायचा, आता पीडीएफचा. आत एचआरचे हमखास प्रश्न आणि त्यांची रेडिमेड उत्तरं! 'वीकनेस काय?' तर 'मी परफेक्शनिस्ट आहे.' 'टीमवर्क?' तर 'आमचं को-ऑर्डिनेशन उत्तम होतं.' दिवसभर मुलं तपासणाऱ्या माणसाने हे कितीदा ऐकायचं?

माझं म्हणणं एवढंच, की उत्तरं पाठ करू नका, प्रसंग गोळा करा.

हे प्रश्न मुळात प्रसंगांसाठीच आहेत. जॉन फ्लॅनगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडीवर काम केलं. वैमानिक कसा असावा यावर मतं मागवण्यापेक्षा प्रत्यक्ष घडलेले प्रसंग जमवायचे, ही पद्धत त्याने १९५४ मध्ये लेखातून मांडली. पुढे मुलाखतीतही हेच तत्त्व आलं. माणूस 'काय करीन' म्हणतो त्यापेक्षा त्याने काय केलं ते विचारा!

यावर तालुक्याहून आलेला मुलगा म्हणतो, "आपल्याकडे कुठला आलाय अनुभव?" अरे, मेस कमिटीचा हिशोब कोण सांभाळतं? गॅदरिंगच्या आदल्या रात्री मंडपवाल्याशी कोण भांडतं? बॅकलॉग काढताना टाइमटेबल कोणी बदललं? हा अनुभव नाही तर काय?

समजा विचारलं, 'टीममध्ये खटका उडाला तेव्हा काय केलंस?' आणि तुमच्या प्रोजेक्टचा एक पार्टनर यायचाच बंद झाला होता. मग सांगा: सबमिशनला दहा दिवस होते, सर्किट चालत नव्हतं (परिस्थिती). जोडणी माझ्याकडे होती (जबाबदारी). मी त्याच्या रूमवर गेलो, तेव्हा कळलं की त्याचा बॅकलॉगचा पेपर आहे. त्याला रिपोर्ट दिला, त्याचं टेस्टिंग मी घेतलं, एकेक वायर तपासली तर ग्राउंडच सुटलं होतं (कृती). प्रोजेक्ट वेळेत चालला, त्याचा पेपरही झाला (निकाल). सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट... ज्याला 'स्टार' म्हणतात ते हेच. दोन मिनिटं पुरतात, पण त्यातला मोठा वाटा कृतीचा हवा. आणि तिथे 'आम्ही' नको, 'मी' हवा. नोकरी अख्ख्या ग्रुपला मिळणार नसते!

बनवलेली गोष्ट मात्र टिकत नाही. 'कुठली वायर? कसं कळलं?' असं खोदून विचारलं की ततपप होतं. खऱ्या गोष्टीला हे प्रश्न उलट मदत करतात, कारण तपशील आपोआप आठवतो.

म्हणून आजच वहीत पाच-सहा प्रसंग लिहा: भांडण, अपयश, पुढाकार, कमी वेळ, नवीन शिकलेलं काही. आधी मराठीत लिहा, मग साध्या इंग्रजीत सांगा. रूममेटला समोर बसवा, त्याने फक्त 'मग? का? तू काय केलंस?' एवढंच विचारायचं.

सरांना आणि मॅडमनाही एक विनंती. व्हायवात ब्लॉक डायग्रामबरोबर 'यातलं तू काय केलंस?' हेही प्रत्येकाला विचारा. आम्ही थोडे घाबरू, पण निदान तो प्रश्न पहिल्यांदा कंपनीच्या टेबलावर तरी ऐकावा लागणार नाही.