यंत्राला वऱ्हाडी बोली कळायला हवी

मुलाचा वाचादोष जितका लवकर लक्षात येईल, तितका उपचारांचा गुण अधिक. पण तालुक्याच्या गावी वाचाउपचारतज्ज्ञ शोधूनही सापडत नाही. म्हणूनच बोलणे ऐकून दोषाची शंका दाखवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्याला हवीच आहे. अमेरिकेत बफलो विद्यापीठाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्थेला याच कामासाठी २०२३ मध्ये २ कोटी डॉलरचा सरकारी निधी मिळाला.

यंत्र कोणाचे बोलणे ऐकून शिकते, यावर मात्र सारे अवलंबून आहे. तीन वर्षांचे मूल 'गाडी'ला 'गाली' म्हणते, ते वयाला धरूनच. आठव्या वर्षीही तसेच म्हणत असेल तर तपासणी हवी. वऱ्हाडातले मूल 'डोळा'ला 'डोया' म्हणते त्यात मात्र दोष कसलाच नाही. घरात आजीही तसेच बोलते. अनुभवी तज्ज्ञ आईशी चार वाक्ये बोलून हा फरक ओळखतो. केवळ प्रमाण मराठीवर, तेही मोठ्या माणसांच्या आवाजावर, तयार झालेले यंत्र या धडधाकट मुलावर शिक्का मारून मोकळे होईल. शाळेत असा शिक्का सहजी पुसला जात नाही.

मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तिने वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या मुलांच्या आवाजाचे नमुने पालकांच्या संमतीने जमवावेत. खर्च राज्य सरकारने उचलावा. आणि यंत्राच्या अहवालात 'तज्ज्ञांना दाखवा' यापलीकडे निदान नसावे.