मरणाचा बाजार

आम्ही दूरचित्रवाणीचे नित्याचे प्रेक्षक नव्हे. तथापि फेब्रुवारी २०१८ मधील ते तीन दिवस आमच्या स्मरणातून जात नाहीत. २४ तारखेस श्रीदेवी दुबईतील हॉटेलात निवर्तल्या. २७ तारखेस तेथील सरकारी वकिलांनी अपघाताने बुडून मृत्यू झाल्याचा निर्वाळा देऊन प्रकरण मिटविले. दरम्यान आपल्याकडील काही वृत्तवाहिन्यांनी पडद्यावर स्नानाचा टब मांडून त्या मरणाचे सोंग वठविले. तमाशातला सोंगाड्या निदान सोंगाला सोंग म्हणतो. ह्यांनी त्याला वृत्त म्हटले! परंतु केवळ त्यांना दूषण देऊन आम्हांस सुटता येणार नाही. संच बंद करण्याची कळ आमच्या हाताशी होती, आणि आम्ही पाहत बसलो. ज्या बाजारास गिऱ्हाईक नाही तो उठतो. हा अद्याप भरतोच आहे.