काट्यावरचे वजन आणि अंगावरचे वजन

डिचोलीस राहणारे आमचे एक स्नेही गेली दोन वर्षे डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, यंत्राशेजारी पडून राहावयाचे. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन शंभर किलो. वहिनी आपले एक मूत्रपिंड देण्यास सिद्ध आहेत. परंतु वजन पंचाण्णवच्या खाली आल्याविना प्रत्यारोपणाचा विचार करता येणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले. अतिस्थूल देहावर शस्त्रक्रिया केल्यास जखम भरण्यास विलंब लागतो व जंतुसंसर्गाचे भय वाढते.

तेव्हा स्नेह्यांनी आपल्या मतीने उपाय योजला. एक वेळ कडकडीत उपास, दुसऱ्या वेळी केवळ फळे आणि शहाळे. आम्हीही पेडण्याहून भेटीस जाताना मोठ्या कौतुकाने चार शहाळी व परसातील पिकलेली करमले नेली. सद्‌भावनेने केलेली चूकही चूकच असते, हे आम्हांस लवकरच कळावयाचे होते.

पुढल्या तपासणीत त्यांच्या रक्तातील पोटॅशियम भयावह वाढलेले आढळले. निरोगी मूत्रपिंड हा क्षार सहज बाहेर टाकते. निकामी झालेले टाकू शकत नाही, आणि तो साचला की हृदयाची गती बिघडते. केळी, शहाळ्याचे पाणी, सुका मेवा यांत तो विपुल असतो. करमल तर याहूनही घातक. त्यातील विषद्रव्य अशा रुग्णाच्या मेंदूवर परिणाम करते. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. वहिनींनी ती फळे लोणच्यासाठी बाजूस ठेवली होती, एवढेच आमचे सुदैव!

आहारतज्ज्ञ बाईंनी मग आम्हां सर्वांनाच धडा दिला. डायलिसिसच्या रुग्णाचे वजन दोन प्रकारचे असते, एक अंगावरचे व दुसरे साठलेल्या पाण्याचे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणून पाणी काढून उरणारे ‘शुष्क वजन’ डॉक्टर ठरवून देतात. परंतु रुग्णाचे मांस वा मेद झडला आणि हा आकडा वेळोवेळी खाली आणला नाही, तर झडलेल्याची जागा पाणी घेते. काटा तोच अंक दाखवितो. इकडे मात्र पाय सुजतात, धाप लागते. उलट, उपाशी राहून घटलेले वजन पुष्कळदा मेदाचे नसून स्नायूंचे असते. डायलिसिसवरील रुग्णांत काहीशी स्थूल माणसे कृश माणसांहून अधिक काळ जगतात, असे अनेक देशांतील वैद्यांना आढळले आहे. त्यामुळे घाई येथे शत्रूच होय.

मग खावयाचे काय? डायलिसिसपूर्वी प्रथिने कमी करण्यास सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर ती वाढवावी लागतात, कारण यंत्रातून त्यांचे घटक वाहून जातात. योग्य वजनाच्या दर किलोमागे दररोज सुमारे 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे ताज्या मासळीचा तुकडा, अंड्यातील पांढरा बलक. कात्री लागावी ती तळणाला, गोडाला, भाताच्या दुसऱ्या वाढपाला आणि हुमणातील दाट नारळाच्या रसाला. खारी सुकी मासळी, लोणचे, पापड वर्ज्य. मिठाने तहान लागते व तहानेने पाणी साठते. भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यावे. प्रत्येकाचे प्रमाण मात्र त्याच्या रक्ततपासणीवरून वैद्यांनीच ठरवावे. इंजेक्शने वा पोटावरची शस्त्रक्रिया हा तर सर्वस्वी त्यांचाच प्रांत.

2016 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आरंभिला आणि जिल्हा रुग्णालयांतून हा उपचार गरिबांच्या आवाक्यात आला. यंत्र जवळ आले, परंतु रुग्णाच्या स्वयंपाकघरात काय शिजावे, याचे ज्ञान तितक्या वेगाने आलेले नाही. ही उणीव आप्तेष्ट प्रेमाने भरून काढू पाहतात, आणि घोटाळा होतो तो तेथेच.

सहा महिन्यांत स्नेह्यांचे वजन चार किलोंनी उतरले आहे, आणि तेही डॉक्टरांनी शुष्क वजन दोनदा तपासून घेतल्यावर. अद्याप थोडी वाट चालावयाची आहे. वहिनींच्या तपासण्या सुरू झाल्या आहेत. आम्ही आता डिचोलीस रिकाम्या हातांनी जातो आणि त्यांना सोबत घेऊन मयेच्या तळ्याकाठी अर्धा तास फिरून येतो. वाचकहो, आजाऱ्याच्या घरी काय न्यावे, हे आधी त्या घराला विचारावे. न विचारता फळांची टोपली नेऊ नये.