एकच नोड बदलायचा होता हो!

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण विषयच असा आहे की भांडायचं तर मराठीतच!

अनरियल इंजिनमधलं ब्लूप्रिंट बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. २०१४ साली अनरियल ४ बरोबर ते आलं. कोड टाइप करायचा नाही, नोडचे डबे मांडायचे आणि वायरी जोडायच्या. टेक-फेस्टसाठी आम्ही चौघांनी त्यात गेम केला. हल्ली प्लगइन बसवून बाहेरून कमांडही देता येते: नोड टाक, पिन जोड, किंमत बदल. उघडलेलं दार २ सेकंदांनी बंद व्हावं, एवढंच हवं होतं. माझ्या पार्टनरने एआयला सांगितलं, "डिले २ कर." केला की! पण दाराचा नाही, बंदुकीचा. शत्रू अंगावर येतोय आणि गोळी सुटतेय २-२ सेकंदांनी. डेमोच्या आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही वायरी तपासत होतो.

सगळे म्हणाले, कमांडचा नाद सोडा, माऊस बरा. मला हे पटत नाही. वर्गात "ए पाटील" म्हटलं की पाच जण मागे बघतात, त्यात चूक पाटलांची का?

नोडची खरी ओळख बघायची तर तो कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. चित्राऐवजी चक्क मजकूर येतो! डिलेचं तिथलं नाव 'केटू-नोड-कॉल-फंक्शन' आणि पुढे एक आकडा. प्रिंट स्ट्रिंगचंही तेच, फक्त आकडा वेगळा. शिवाय प्रत्येकाला नोड-गुइड, म्हणजे ३२ अक्षरांचा पत्ता. तो देऊन कमांड दिली की नेमका तोच नोड बदलता येतो. मात्र ग्राफमध्ये पुन्हा पेस्ट केलेल्या नोडला नवा गुइड मिळतो. म्हणून दरवेळी आधी नोडची यादी मागायची, मग कमांड, मग कंपाइल. कंटाळवाणं आहे, पण दीड वाजत नाही.

"एआयकडून अख्खा ग्राफच नवा करून घेऊ" हा सल्ला तर डोक्यात जातो. एका डब्यासाठी चाळीस डबे? ब्लूप्रिंटची फाइल बायनरी. गिटमध्ये काय बदललं ते ओळीओळीने दिसत नाही. मग नवीन बिघाड शोधणार कोण? मीच!

दार आता २ सेकंदांनी बंद होतं, बंदूक परत ०.२ वर आली. पार्टनर अजून "डिले बदल" एवढंच टाइप करतो. मी मागे उभी असते.